टीव्ही मालिकेतून निघालेली चिप

तुम्ही हे फोनवर वाचत असाल, तर त्या फोनच्या पोटात एआरएम रचनेचा प्रोसेसर असणार, हे तुमचा फोन न बघताही जवळजवळ खात्रीने सांगता येतं. अँड्रॉइड असो की आयफोन, दहा हजारांचा असो की लाखाचा. या रचनेचा इतिहास उलटा चाळत गेलं की आपण इंग्लंडमधल्या केंब्रिजला पोचतो, आणि तिथून लंडनला, बीबीसीच्या निरंतर शिक्षण विभागात. तिथे आपल्याला भेटते दहा भागांची एक टीव्ही मालिका.

टीव्ही मालिकेतून चिप कशी काय निघते? ही गोष्ट मला सांगाविशी वाटते, कारण आमच्या क्षेत्रात सध्या 'मल्टिप्लॅटफॉर्म कंटेंट' हा शब्द फार चालतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की एकच व्हिडिओ आडवा कापून यूट्यूबवर टाकायचा, उभा कापून इन्स्टाग्रामवर टाकायचा आणि त्याचीच लिंक व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरवायची. बघणाऱ्याला पाच ठिकाणी एकच गोष्ट दिसते. चाळीसेक वर्षांपूर्वी बीबीसीने टीव्ही, पुस्तक, रेडिओ, टेलिटेक्स्ट आणि एक आख्खा कम्प्युटर एकमेकांना जोडला होता, आणि त्यातल्या प्रत्येकाला वेगळं काम दिलं होतं.

आधी भीती होती

मार्च १९७८मध्ये बीबीसीच्या 'होरायझन' या विज्ञानमालिकेत 'नाऊ द चिप्स आर डाऊन' नावाचा माहितीपट दाखवला गेला. विषय होता मायक्रोप्रोसेसर. नखाएवढी ही चिप कारखान्यांत, बँकांत, कचेऱ्यांत घुसणार आणि माणसांच्या नोकऱ्या जाणार, मग देशाने काय तयारी केली आहे, असा त्याचा रोख होता. आज एआयबद्दल जे बोललं जातं त्यात शब्द बदलले तर तो माहितीपट कालचा वाटेल.

त्यानंतर बीबीसीतल्या काही लोकांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. डेव्हिड ॲलन आणि रॉबर्ट ऑल्बरी यांनी सरकारी मनुष्यबळ आयोगाच्या मदतीने अभ्यास करून १९७९मध्ये एक अहवाल तयार केला. पुढे जॉन रॅडक्लिफ यांच्या नेतृत्वाखाली 'कम्प्युटर लिटरसी प्रोजेक्ट' उभा राहिला. सामान्य माणसाच्या मनातली कम्प्युटरची भीती घालवायची, एवढंच त्याचं उद्दिष्ट होतं. वय, धंदा, शिक्षण कशाचीच अट नव्हती.

पण पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. टीव्हीवर दुसऱ्या कुणालातरी प्रोग्रॅम लिहिताना बघून प्रोग्रॅम लिहिता येणार नव्हता. प्रेक्षकाचे हात कीबोर्डवर पडायला हवे होते, आणि अडचण तिथेच होती. तेव्हा बाजारात जे घरगुती कम्प्युटर होते त्या प्रत्येकाची बेसिक भाषा वेगळी होती. भाषेचं नाव एकच, पण एका यंत्रावर चालणारी ओळ दुसऱ्यावर चालेलच असं नाही. टीव्हीवर एखादी ओळ दाखवावी आणि निम्म्या घरांत ती चुकावी, तर नवशिक्याला वाटणार की आपल्यालाच जमत नाही. जी भीती घालवायची तीच वाढली असती.

म्हणून बीबीसीने एका प्रक्षेपण संस्थेसाठी फारच विचित्र वाटावा असा निर्णय घेतला. आपल्या मालिकेला लागेल तसा कम्प्युटर आपण ठरवायचा आणि तो कुणाकडून तरी बनवून घ्यायचा. मालिकेत काय शिकवायचं आहे, त्यावरून यंत्रात काय काय असायला हवं याची यादी झाली. कंटेंट आधी आणि यंत्र नंतर, असा हा क्रम होता.

एका आठवड्यातलं यंत्र

बीबीसीचा पहिला विचार न्यूब्रेन नावाच्या कम्प्युटरचा होता, पण तो वेळेत आणि हवा तसा मिळेना. मग इतर कंपन्यांकडे विचारणा झाली. त्यात केंब्रिजची एकॉर्न ही छोटी कंपनी होती. हर्मन हाउसर आणि ख्रिस करी हे तिचे संस्थापक. बीबीसीची माणसं बघायला येणार होती, आणि कंपनीकडे 'प्रोटॉन' नावाची कागदावरची रचना सोडून दाखवायला काही नव्हतं.

हाउसरने अभियंते सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांना वेगवेगळं गाठलं आणि प्रत्येकाला सांगितलं, की आठवड्यात यंत्र उभं राहील असं दुसऱ्याचं म्हणणं आहे. मग दोघेही कामाला लागले. ऑफिसात काम केलेल्या कुणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल. भेटीच्या दिवसापर्यंत नमुना चालू झाला आणि काम एकॉर्नला मिळालं. विल्सन यांनी पुढे त्यावरची 'बीबीसी बेसिक' लिहिली. ती त्या काळातल्या इतर बेसिकपेक्षा बरीच शिस्तीची होती. प्रोग्रॅमच्या तुकड्यांना नावं देऊन ते वेगळे मांडता येत.

बीबीसी मायक्रो १ डिसेंबर १९८१ला बाजारात आला. मॉडेल ए आणि मॉडेल बी अशी दोन रूपं होती, एकात १६ किलोबाइट मेमरी आणि दुसऱ्यात ३२. व्हॉट्सॲपवरची 'शुभ सकाळ'वाली फुलांची इमेजसुद्धा सहसा याहून मोठी असते.

अर्धवट ठेवलेली मालिका

'द कम्प्युटर प्रोग्रॅम' ही मालिका ११ जानेवारी १९८२ला सुरू झाली. दोन सूत्रधार होते. ख्रिस सर्ल हा प्रेक्षकांच्या वतीने बाळबोध प्रश्न विचारणारा, आणि इयन मॅकनॉट-डेव्हिस हा समजावून सांगणारा. माहिती साठवणं म्हणजे काय, यंत्राला सूचना देणं म्हणजे काय, असे विषय रोजच्या आयुष्यातल्या उदाहरणांतून येत.

या मालिकेने प्रोग्रॅमिंग पूर्ण शिकवायचा प्रयत्न केला नाही, आणि मला हे तिचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. टीव्हीला काय जमतं आणि काय नाही याची तिच्या कर्त्यांना जाण होती. टीव्ही कुतूहल जागं करतो, हलणारी गोष्ट दाखवतो. पण तेव्हा टीव्ही बघताना मागे जाता येत नव्हतं. वीस ओळींचा प्रोग्रॅम पडद्यावरून उतरवून घेणं म्हणजे शिक्षाच. ते काम पुस्तकाचं. म्हणून मालिकेसोबत 'द कम्प्युटर बुक' आलं. पद्धतशीर शिकायचं असेल त्यांच्यासाठी नॅशनल एक्स्टेंशन कॉलेज या दूरशिक्षण संस्थेचा 'थर्टी अवर बेसिक' हा घरबसल्या करायचा अभ्यासक्रम होता. यंत्रासोबत 'वेलकम' नावाची कॅसेट मिळे, म्हणजे खोका उघडल्यावर पहिल्याच संध्याकाळी काहीतरी चालू करून बघता येई. पत्र पाठवणाऱ्या प्रेक्षकांना जवळपासचे वर्ग आणि क्लब कुठे आहेत हेही कळवलं जात होतं.

म्हणजे टीव्ही प्रेक्षकाला पुस्तकाकडे पाठवत होता, पुस्तक यंत्राकडे आणि यंत्र माणसांकडे. प्रत्येक माध्यम मुद्दाम थोडं अपुरं ठेवलेलं होतं, आणि त्या अपुरेपणातूनच पुढच्या माध्यमाकडे जायची वाट निघत होती.

माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात जास्त आवडतो तो टेलिटेक्स्टचा भाग. बीबीसीची 'सीफॅक्स' ही सेवा १९७४पासून चालू होती. टीव्हीच्या सिग्नलमध्ये चित्रासाठी न वापरल्या जाणाऱ्या काही ओळी असतात. त्या ओळींत मजकूर भरून पाठवायचा आणि टीव्हीवर बातम्या, हवामान, क्रिकेटचा स्कोअर अशी पानं वाचायची. बीबीसी मायक्रोमध्ये 'मोड सात' नावाची पडद्याची एक पद्धत होती. तिची मांडणी हुबेहूब टेलिटेक्स्टच्या पानासारखी, ४० अक्षरं रुंद आणि २५ ओळी उंच. एक आख्खं पान एक किलोबाइटमध्ये मावत असे. टीव्हीचं पान आणि कम्प्युटरचं पान एकाच साच्यातलं असल्यामुळे पुढची उडी सोपी झाली. १९८३पासून सीफॅक्सच्या पानांतून थेट प्रोग्रॅम पाठवले जाऊ लागले. यंत्राला एक जोडणी लावायची, टीव्हीची अँटेना जोडायची आणि हवेतून सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं. पानं फिरून फिरून येत, त्यामुळे एखादं पान बिघडून आलं तर ते परत येईपर्यंत थांबायचं. इंटरनेट घराघरांत यायच्या किती तरी आधी लोक असं डाउनलोड करत होते, तेही फुकट.

रेडिओही मागे राहिला नाही. त्या काळी प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवले जात, म्हणजे प्रोग्रॅम हा मुळात एक आवाजच होता. बीबीसी रेडिओ फोरवरच्या 'द चिप शॉप' या कार्यक्रमाने १९८४मध्ये हे आवाज थेट प्रसारित केले. कर्कश किरकिर ऐकू येई. ती टेपवर रेकॉर्ड करायची आणि कम्प्युटरला ऐकवायची. घरातल्या बाकीच्यांना तो रेडिओचा बिघाड वाटला असेल. ज्याला कळत होतं त्याच्यासाठी ते सॉफ्टवेअर होतं.

सांधे निखळतात तेव्हा

सगळं सुरळीत झालं असं नाही. मालिका मुळात १९८१च्या शरद ऋतूत यायची होती, यंत्राला उशीर झाल्यामुळे ती पुढे ढकलली. तरी मालिका सुरू झाली तेव्हा पैसे भरलेल्या कित्येकांच्या घरी यंत्र पोचलेलं नव्हतं. आतल्या काही खास चिप पुरेशा चांगल्या बनत नव्हत्या. किमतीही वाढल्या, मॉडेल ए २३५ पौंडांवरून २९९वर गेलं आणि मॉडेल बी ३३५वरून ३९९वर. सामान्य माणसासाठीचं यंत्र म्हणावं, तर हा आकडा बऱ्याच सामान्य घरांना परवडणारा नव्हता. लोकांच्या परवान्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने एकाच खासगी कंपनीच्या मालाला आपलं नाव का द्यावं, असा आक्षेप क्लाइव्ह सिंक्लेअरसारखे स्पर्धक घेत होते. तो आक्षेप अगदीच चुकीचा होता असं म्हणता येत नाही.

तरीही सुरुवातीला साधारण १२,००० यंत्रं खपतील असा अंदाज होता आणि शेवटी १५ लाखांहून अधिक खपली. सरकारने शाळांना निम्म्या किमतीत कम्प्युटर घ्यायची योजना आणली आणि बहुतेक ब्रिटिश शाळांत ते यंत्र पोचलं. तेव्हाची मुलं आज पन्नाशीत आहेत. दुकानात मांडून ठेवलेल्या कम्प्युटरवर जाऊन दोन ओळी टाइप करायच्या, एक स्वतःचं नाव छापायची आणि दुसरी 'परत पहिल्या ओळीवर जा' सांगायची, आणि पडदाभर नाव धावायला लागलं की पळून जायचं, ही त्या पिढीची सामायिक आठवण आहे.

ही खोडी करता येत होती, कारण यंत्र चालू केलं की पडद्यावर एक छोटं चिन्ह आणि शेजारी लुकलुकणारा कर्सर यायचा. तुम्ही काही लिहिलं नाहीत तर काहीच होणार नाही. टीव्हीवर सुरू झालेली आख्खी साखळी त्या कर्सरपाशी येऊन संपत होती.

एकॉर्नला पुढच्या यंत्रासाठी जास्त ताकदीचा प्रोसेसर हवा होता आणि बाजारातले पसंत पडेनात, म्हणून १९८३च्या अखेरीस विल्सन आणि फर्बर स्वतःचा बनवायला बसले. त्या प्रोसेसरची पहिली प्रतिकृती विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्येच लिहिली होती. २६ एप्रिल १९८५ला पहिली चिप कारखान्यातून आली आणि चालली. ती तपासली गेली तीही बीबीसी मायक्रोला जोडून, कारण त्या यंत्रात दुसरा प्रोसेसर लावायची सोय पहिल्यापासून ठेवलेली होती. १९९०मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून एआरएमची वेगळी कंपनी काढली. पुढचं तुमच्या हातात आहे.

याच जोडकामाची दुसरी बाजूही बघायला हवी. १०८६ साली इंग्लंडची जी प्रसिद्ध मोजणी झाली तिच्या नोंदवहीला 'डोम्सडे बुक' म्हणतात. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६मध्ये बीबीसीने 'डोम्सडे प्रोजेक्ट' केला. देशाचे चार किलोमीटर गुणिले तीन किलोमीटरचे चौकोन पाडले, आणि शाळेतल्या मुलांनी आपापल्या चौकोनातली घरं, दुकानं, शेतं, जेवणाच्या सवयी असं सगळं लिहून पाठवलं. दहा लाखांहून अधिक लोकांचा हात त्याला लागला. हे सगळं लेझरडिस्कवर साठवलं. पण ती डिस्क वाचणारी यंत्रणा काही हजार पौंडांची होती. ज्या शाळांनी माहिती पाठवली त्यातल्या बऱ्याच शाळांनाच ती परवडली नाही. काही वर्षांत ती यंत्रणा बाजारातून गेली, आणि २००२च्या सुमारास संशोधकांना खास खटपट करून ती माहिती सोडवावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीची चर्मपत्रावरची वही मात्र तेव्हाही उघडून वाचता येत होती. मुलांकडून घेताना जोडणी होती, त्यांना परत देताना ती तुटली.

यंत्र आपल्याकडे आलं तेव्हा

हाच बीबीसी मायक्रो भारतातही आला होता. १९८४मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्या नावाचा अर्थ होता शाळांमधली कम्प्युटर साक्षरता आणि अभ्यास. सुरुवातीला देशभरातल्या सुमारे २५० शाळा निवडल्या, शिक्षकांना उच्च शिक्षणसंस्थांत प्रशिक्षण दिलं आणि यंत्र निवडलं ते बीबीसी मायक्रो. ते भारतात बनवण्यासाठी सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सशी करारही झाला.

यंत्र तेच, पण त्याच्या आजूबाजूचं जग वेगळं होतं. शाळेत मोजके कम्प्युटर आणि वर्गात पन्नास-साठ मुलं. घरी कम्प्युटर असण्याचा प्रश्नच नव्हता. सॉफ्टवेअर बरंचसं ब्रिटनहून आलेलं, तिथल्या अभ्यासक्रमासाठी आणि तिथल्या इंग्रजीत लिहिलेलं. १९८४ हेच वर्ष आपल्याकडे टीव्ही झपाट्याने पसरण्याचं होतं. 'हम लोग' जुलैत सुरू झाली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' हे कार्यक्रम १५ ऑगस्टपासून दूरदर्शनवर दिसू लागले. पण ते कार्यक्रम कॉलेजच्या मुलांसाठी होते आणि 'क्लास' प्रकल्प शाळांसाठी. एक काम अनुदान आयोगाचं, दुसरं इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि एनसीईआरटीचं. बीबीसीत मालिका, पुस्तक आणि यंत्र यांचा विचार एकाच टेबलावर होत होता. आपल्याकडे टेबलंच वेगळी होती. ब्रिटनमध्ये जी गोष्ट साखळीच्या मध्यावर होती, ती आपण साखळीची सुरुवात म्हणून आणली.

महाराष्ट्रात खरी साखळी जुळली ती बरीच नंतर, २००१मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाल्यावर. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत एमएससीआयटी, हे आपल्यातल्या कित्येकांनी केलंय. तालुक्याच्या गावात, बाजारपेठेतल्या पहिल्या मजल्यावर सेंटर. हातात मराठी पुस्तक, समोर शिकवणारं सॉफ्टवेअर, शेजारी अडलं तर सांगणारे सर किंवा मॅडम, आणि शेवटी तंत्रशिक्षण मंडळाची ऑनलाइन परीक्षा. 'क्लास'मध्ये ज्या कड्या निसटल्या होत्या त्यातल्या दोन इथे होत्या, आपली भाषा आणि घराजवळचा माणूस. शहरातल्या इंजिनिअरांना या कोर्सची चेष्टा करायची सवय असते. पण ज्या घरात आधी कुणी माउस हातात धरला नव्हता तिथे त्याने काय केलं, हे त्या घरांना विचारावं.

दोन्ही साखळ्यांत फरक आहे तो शेवटच्या कडीचा. बीबीसीची साखळी माणसाला कोऱ्या कर्सरसमोर आणून सोडत होती, 'आता तू काहीतरी कर' म्हणून. एमएससीआयटीची साखळी संपते प्रमाणपत्रापाशी. सरकारी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे लाखो लोक तिथवर पोचले. पण बहुतेकांसाठी प्रमाणपत्र मिळालं की रस्ता संपला. माणसं ज्या टोकाशी नेऊन सोडली, तिथेच ती थांबली.

आता आपल्या हातातल्या यंत्राकडे बघू. बीबीसी मायक्रोच्या ३२ किलोबाइटच्या लाखो पट मेमरी, मराठी टाइप करायची सोय, शिकवणारे मराठी व्हिडिओ आणि प्रश्न विचारायला ग्रुप. एके काळी बीबीसीने पाच ठिकाणांहून गोळा केलेल्या सगळ्या कड्या एका काचेमागे आहेत, आणि खाली चिपही त्याच कुळातली आहे. मात्र फोन चालू केल्यावर कर्सर येत नाही, फीड येतं. तुम्ही काही केलं नाहीत तरी फीड चालूच राहतं, पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो. साखळी शेवटी जिथे सुरू झाली तिथेच परत येते, बघण्यापाशी.

याला फोन बनवणारे एकटे जबाबदार नाहीत. मराठीत शिकवणारा कंटेंट बनवणारे आज हजारो आहेत, आणि त्यातले पुष्कळ जीव ओतून काम करतात. शेतीचे, शिवणाचे, स्पर्धा परीक्षांचे, कोडिंगचे व्हिडिओ आहेत. त्यांनी बीबीसीकडून एक साधी गोष्ट उचलावी असं मला वाटतं. व्हिडिओच्या शेवटी 'लाइक करा, शेअर करा' म्हणण्याच्या जागी बघणाऱ्याच्या हाताला पुढचं काम द्यावं. छापून भिंतीवर लावता येईल असा एक कागद, फोनवरच उघडून बदल करता येईल अशी एक फाइल, किंवा रविवारी सकाळी जिथे चारजण जमतील त्या वाचनालयाचा पत्ता. सातवीतली मुलगी तो व्हिडिओ बघून फोन बाजूला ठेवेल आणि काहीतरी करून बघेल. तिचं पहिल्यांदा चुकेल. मग ती तोच व्हिडिओ परत लावेल, आणि या वेळी नेमक्या त्याच मिनिटाला थांबवेल जिथे तिचं अडलं होतं.